चपला हातात घेऊन

माझं गाव सुटलं ते गावात नाही. गावातून निघताना मी खुशीत होते. अंगात नवा फ्रॉक होता, एसटीत खिडकीची जागा होती आणि शेजारी आई होती. गाव सुटलं ते त्यानंतर तिसऱ्या दिवशी, भाईंदर पूर्वेला, मामाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, भर दुपारी.

मामी म्हणाली, "चल गो, खाली जाऊन बिस्किटं घेऊन येऊ." मामी कोकणातली, तिचं ते 'गो' मला तेव्हा नवीन होतं. आम्ही खाली गेलो. दुकानदार गुजराती. मामी त्याच्याशी हिंदीत बोलली आणि त्याने मला बरणीतली एक गोळी फुकट दिली. मी मजेत वर आले. दारात मामाच्या चपला होत्या, आईच्या नव्हत्या. आईच्या चपला ओळखायला सोप्या, एक अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला होता. मी मोरीत पाहिलं, गॅलरीत पाहिलं, कपाटामागेसुद्धा पाहिलं.

"आठ दिवसांनी येते म्हणाली," मामा म्हणाला आणि पेपर वाचू लागला. बराच वेळ त्याने पान काही उलटलं नाही.

आई आली ती पुढच्या उन्हाळ्यात.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मी आता चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि लोकांच्या तक्रारी ऐकणं हाच माझा धंदा आहे. तुम्ही जे गावात राहिलात, आणि माझ्यासारखे जे इकडे येऊन इकडचेच झालात, त्या दोघांनाही एक चूक सांगायची आहे. ती आधी माझ्या आईने केली, नंतर मी. माझी जास्त मोठी, कारण ती न करण्याचंच शिक्षण मी घेतलं होतं.

वडील मी लहान असतानाच गेले. गावातली शाळा चौथीपर्यंत होती. आई अंगणवाडीत मदतनीस होती, म्हणजे झाडलोट करायची, खिचडी शिजवायची आणि पोरांची नाकं पुसायची. सकाळी बाया लेकरं सोडायला यायच्या आणि लेकरं पदर सोडायची नाहीत. आईकडे त्यावर हुकमी इलाज होता. "ते बघ माकड आलं," म्हणत ती लेकराला खिडकीकडे वळवायची आणि पाठीमागे हात करून त्या बाईला खूण करायची, निघ आता. बाई सटकायची. लेकरू वळेपर्यंत दार मोकळं झालेलं असायचं. थोडा वेळ रडून ते गप्प व्हायचं. "गप झालं बघ," आई म्हणायची. लेकराची नजर चुकवून निघायचं ही आपल्याकडची रीतच आहे. पाहुणे तसेच जातात, कामाला निघालेला बापही तसाच जातो. आणि पाहुणे जाऊ नयेत म्हणून पोरं त्यांच्या चपला लपवून ठेवतात, तीही आपलीच रीत. दोन्ही रीती एकाच दारात नांदतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. खिडकीत माकड कधीच नसायचं, हे मी अगदी लहानपणीच पाहून ठेवलं होतं.

मामीने मला कधी परकं मानलं नाही. तिला ज्वारीची भाकरी जमायची नाही, तांदळाची जमायची. मी ती खायला शिकले, पुढे सुकटही शिकले. मराठवाडी वळणाने 'काय करायलीस' म्हटलं की वर्गात हसायचे, म्हणून दिवाळीपर्यंत मी 'काय करतेयस' म्हणायला लागले. दुकानात हिंदी, शाळेत पुस्तकी, घरात मामीचं कोकणी वळण. एक सवय मात्र लागली ती लागलीच. घरी आलं की आधी दारातल्या चपला बघायच्या. अजूनही कुणाकडे गेले की बेल वाजवायच्या आधी मला कळलेलं असतं, आत कोण आहे आणि कोण नाही.

मानसशास्त्र घेतलं त्यात ध्येयबिय काही नव्हतं. कॉलेजात त्या विषयाला जागा शिल्लक होत्या. पुढे आवडलं. एमए झाल्यावर काही वर्षं शाळांमध्ये समुपदेशक होते. ज्या मुलांचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही, त्यांना ज्या खोलीत पाठवतात त्या खोलीत बसणारी बाई म्हणजे समुपदेशक. नंतर भाईंदरमध्येच, इंद्रलोक भागात एक गाळा घेतला. एका बाजूला पडद्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला फरसाणवाला, मध्ये मी. मी डॉक्टर नाही, औषध देत नाही, हे पहिली दोन वर्षं प्रत्येकाला सांगितलं. लोक म्हणायचे, "ठीक आहे, डॉक्टर मॅडम." मग सांगायचं सोडून दिलं.

एकदा जवळच्या काशीगावातले एक आजोबा नातवाला घेऊन आले. "पोर कुनाशी बोलतच न्हाय," म्हणाले आणि पुढे अर्धा तास तेच बोलले. मी त्यांना चहा प्यायला बाहेर पाठवलं. दार लागताच नातू म्हणाला, "आजोबाच बोलू देत नाहीत." पहिल्याच बैठकीत केस मिटली. ही गोष्ट मी पुढे बऱ्याच जणांना ऐटीत सांगितली. तुम्हीही लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी काम आहे.

पुस्तकांचं असं झालं की बाहेर बसलेल्या मुलांना वाचायला द्यायला माझ्याकडे धड काही नव्हतं. गोष्टींतली सगळी घरं कौलारू, अंगणात गाय. आमच्याकडची मुलं पाण्याच्या टँकरची वाट बघणारी. म्हणून एक गोष्ट स्वतःच लिहिली. त्यातली मुलगी घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या चपला लपवते. घरात पाहुणे एवढे साठतात की झोपायला जागा उरत नाही. शेवटी ती एकेकाला विचारते, "परत कधी येशील?" जो खरं सांगेल त्याला चपला मिळतात. एका छोट्या प्रकाशकाने छापली, ती चालली, मग आणखी सहा पुस्तकं झाली. शाळांत वाचायला बोलावतात तेव्हा एखादं पोरगं हमखास विचारतं, "टीचर, तुमच्या चपला लपवू?" मोठी माणसं म्हणतात, बालमनाची काय जाण आहे तुम्हाला. मी मान डोलावत असे.

आता संबोधीचं सांगते. नाव बदललेलं आहे, बाकी घडलं तसं.

संबोधी माझ्याकडे आली तेव्हा पहिलीत होती. घरी पोपटासारखी बोलायची, शाळेत तोंडातून शब्द नाही. वर्ष संपत आलं होतं. दुसरीत घालण्याआधी तज्ज्ञाचं लेखी द्या, असं शाळेने बजावलं होतं. वडील एका गोदामात सुपरवायझर, आई एका दवाखान्यात रिसेप्शनला. स्टेशनजवळ एका खोलीत बिऱ्हाड. मूळ गाव माझ्या शेजारच्या तालुक्यातलं, घरही आमच्यासारखंच जयभीमवालं. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि तिथेच घोटाळा झाला. आपलीच माणसं, यांना काय विचारायचं, असं वाटून मी निम्मे प्रश्न विचारलेच नाहीत. फरसाणवाल्याच्या मुलाला मी तीन बैठका दिल्या होत्या. आपल्या माणसांना एक पुरेल असं मला वाटलं.

बरोबर कांताआत्या होत्या, वडिलांची मोठी बहीण. नवरा वारल्यापासून भावाकडेच असायच्या. पोर त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी.

"नाव काय तुझं?"

"संबोधी," आत्या म्हणाल्या. "आमी बोधी म्हणताव."

"काय खायला आवडतं?"

"वरणभात. अन् वरून लिंबू," पुन्हा आत्याच.

मला काशीगावचे आजोबा आठवले. मी वडिलांना बाजूला घेऊन म्हटलं, "आत्या तिच्या वतीने बोलतात, म्हणून तिला बोलायची गरजच पडत नाही. थोडे दिवस आत्या नसल्या तर काय होतं ते बघू." एवढंच बोलले. बाहेर तीन जण थांबले होते.

वडिलांनी ते पाळलं. आपल्यातली बाई एवढी शिकली, ती म्हणते म्हणजे बरोबरच असणार. पुढच्या रविवारी त्यांनी बहिणीला गावी थोरल्या भावाकडे पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी संबोधी आईबरोबर आली. माझ्याकडे चपला बाहेर काढून आत यायचं असतं. तिच्या आईने काढल्या. संबोधीने त्या उचलल्या, छातीशी धरल्या आणि आत येऊन खुर्चीवर बसली.

"अगं सोड ना, घाण आहेत त्या," आई ओशाळून म्हणाली. "मॅडम, हे हल्ली नवीनच सुरू झालंय. घरी पण चपला घेऊन बसते. आणि आता बोलतच नाहीये. घरी पण नाही."

"आत्या कधी गेल्या?"

"त्याच रविवारी. ही दुपारी झोपली होती ना, तेव्हाच पाठवलं. जागी असती तर सोडलं नसतं तिने."

"तिला सांगितलंत काय?"

"सांगितलं ना. आठ दिवसांनी येतेय म्हणून."

मला आधी त्या बाईचा संताप आला. एवढं कसं कळत नाही यांना, वगैरे. मग तिच्या डोक्यावरच्या शेल्फवर माझंच पुस्तक दिसलं. पाठवा असं मी म्हटलं होतं. कसं पाठवा, पोरीला काय सांगा, याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आणि कसं पाठवतील हे जगात कुणाला माहीत असायला हवं होतं, तर मला. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

मी खाली जमिनीवर बसले आणि संबोधीला सांगितलं, "आत्या गावी गेली. ती मी सांगितलं म्हणून गेली, तुझं काही चुकलं म्हणून नाही. तुला न सांगता गेली, हे चूक झालं." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. चपला सोडल्या नाहीत. तिच्या जागी मीही सोडल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी कांताआत्यांना फोन केला. आधी जयभीम झालं. मी कोण ते सांगितल्यावर पलीकडचा आवाज बदलला. "तुमीच म्हणलाव नं, मी लेकराला मुकं केलं म्हणून? आता तुमीच करा बोलतं." फोन कट.

एप्रिलमध्ये मी गावी गेले. एरवी मी जाते तेव्हा परतीचं तिकीट काढूनच जाते, दोन मुक्काम आणि माघारी. आईला सगळं सांगितलं. आई आता सत्तरीच्या पुढे आहे. ती निवडायला घेतलेले तांदूळ निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "चल, मी बी येते."

कांताआत्यांना गावातल्या शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्या शाळेच्या स्वयंपाकखोलीपुढे बसून मोठं पातेलं घासत होत्या. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही की पाणी दिलं नाही. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. मी सँडल काढून उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, मी चुकले. तुम्हाला न विचारता, पोरीला न विचारता मी सांगून टाकलं."

"शिकलेल्या माणसाला चुकायला काय हुतं," त्या पातेल्यातून मान वर न काढता म्हणाल्या. "भोगायचं आमी."

तेव्हा आई पायरीवर बसली आणि माझ्याकडे न बघता त्यांच्याशी बोलायला लागली.

"बाई, हिच्यावर राग धरू नको. ही चूक मपली हाय, हिनं निस्ती उचलली. ही दहा वर्साची हुती. भावाकडं सोडाया गेले भाईंदरला. मीच भावजईला म्हणलं, हिला खाली दुकानात ने. तिसरा मजला. चपला वाजतील म्हणून हातात घेतल्या अन् जिना उतरले. बाहीर जावं तर दुकान म्होरंच, ही बघंल. मंग जिन्याखाली अंधारात हुबी ऱ्हायले. ही माझ्या म्होरून वर गेली, गोळी चोखत. हात लांबवला आसता तर लागला आसता. हाक माराया तोंड उघडलं, न्हाई मारली. ठेसनापस्तोर तशीच अनवाणी गेले. चपला हातातच."

पातेल्यावरचा हात थांबला होता.

"अंगणवाडीत मी रोज तेच करीत हुते," आई म्हणाली. "लेकरू गप बसलं की वाटायचं, भागलं."

चौतीस वर्षं मी या बाईवर रुसले होते आणि तो रुसवा इतका मुरला होता की मला तो दिसेनासा झाला होता. त्यावर पुस्तक लिहिलं, पण तिला एकदाही विचारलं नाही. दुसऱ्यांच्या आयांना मी पहिल्याच दिवशी जे विचारते, ते स्वतःच्या आईला विचारायला मी धजले नव्हते. रडू आलं नाही. राग आला, मग तिची दया आली, मग एवढंच लक्षात आलं की उन्हात अनवाणी उभी राहिल्याने माझे पाय भाजतायत.

आत्या उठल्या आणि दोन तांबे पाणी घेऊन आल्या.

"मे महिन्यात शाळा बंद आसती," त्या म्हणाल्या. "तवा येते. पर जून लागला की मी माघारी येणार. मला हितं काम हाय आता. कुनाच्या घरात वळकटीवानी ऱ्हाणार न्हाई." यावर मी मान डोलावली, आणि त्या वेळी मनापासून डोलावली.

मे महिन्यात त्या आल्या. जायची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून संबोधीला दाखवली. तिच्या वडिलांना ते क्रूर वाटलं. दर आठवड्याला दोघी माझ्याकडे यायच्या. मी पोरीला काही विचारलं की आत्यांनी थांबायचं, असं ठरलं होतं. त्या पदराचं टोक तोंडात कोंबून बसायच्या. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं, खायला काय आवडतं? पंखा फिरत राहिला, बाहेर फरसाणवाल्याची कढई वाजत राहिली. बऱ्याच वेळाने अगदी बारीक आवाज आला, "वरणभात."

आत्यांनी पदर काढला. "अन् वरून लिंबू!"

सगळ्यात आधी संबोधी हसली.

ज्या दिवशी आत्या जाणार होत्या त्या दिवशी मलाही बोलावलं होतं. सकाळी अकराला पोचले तर जिन्यात गोंधळ. आत्यांच्या चपला सापडत नव्हत्या. वडील सोफ्याखाली बघत होते, आई बाथरूममध्ये. संबोधी भिंतीला टेकून सगळ्यांची गंमत बघत होती. आत्या तिच्यासमोर बसल्या. "मी दिवाळीच्या सुट्टीत येनार. शाळा बंद झाली की दुसऱ्या दिवशी गाडीत बसनार. तवर न्हाई यायची. म्हणून जाताना तुला सांगून जायालेय."

"नक्की दिवाळीत?" संबोधीने विचारलं. मोठ्याने, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"दिवाळीत."

ती तांदळाच्या डब्यामागे गेली, चपला काढून आणल्या आणि दारात तोंड बाहेर करून नीट जोडीने ठेवल्या. आणि मग अशी काही रडली की अख्खी इमारत दणाणली. शेजारीण धावत आली, "क्या हुआ भैया, बच्ची गिर गई क्या?"

"नहीं भाभी, उसकी बुआ जा रही है," वडील म्हणाले आणि घाबरून माझ्याकडे वळले. "मॅडम, रडतेय."

"रडू द्या," मी म्हटलं. "सांगून गेलेल्या माणसासाठी रडता तरी येतं."

शाळेला मी लेखी दिलं. संबोधी दुसरीत आहे. वर्गातल्या दोन मैत्रिणींशी बोलते, बसमधल्या मावशींशी बोलते. बाईंशी अजून नाही. घाई नाही. दिवाळीत आत्या ठरल्या दिवशी आल्या.

आणि मी? मला गावात 'भाईंदरवाली' म्हणतात आणि इथे सोसायटीत 'वो मराठवाडावाली मॅडम'. घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी हसून विषय बदलायचे, कारण माझ्या मनात घर म्हणजे मी गोळी चोखत असताना माझी नजर चुकवून निघून गेलेलं काहीतरी होतं. आता तसं वाटत नाही. ज्या दारातून जाणारा माणूस सांगून जातो आणि कधी येणार ते खरं सांगतो, ते माझं घर. मग ते इंद्रलोकचं असो की गावचं. आत चटई कुठेही टाकता येते.

या हिवाळ्यात आई माझ्याकडे महिनाभर राहून गेली. लिफ्टला नावं ठेवली, पाण्याला ठेवली, माझ्या भाकरीला तर रोजच ठेवली. निघायच्या आदल्या दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती. मला हाक मारून समोर बसवलं.

"उद्या धाला निघनार हाय," ती म्हणाली. "रडायचं आसंल तर आताच रडून घी. मी हाय हितं."

मी काहीतरी विनोद करायला गेले आणि तो झालाच नाही. मी रडले, चांगली हुंदके देऊन. चव्वेचाळीस वर्षांच्या बालमानसशास्त्रज्ञ बाईचं नाक तिने पदराने पुसलं, अंगणवाडीत पुसायची तसंच, जरा जोरात. आणि यावेळी 'गप' म्हणाली नाही.

सकाळी मी वॉशिंग मशीनच्या मागून तिच्या चपला काढल्या. होय, लपवल्या होत्या. दारात तोंड बाहेर करून ठेवल्या.

"कधी येशील?" मी विचारलं.

तिने चपला पायात घातल्या, एकेक पाय आपटून नीट बसवल्या, चांगल्या वाजवल्या.

"आठ दिवसांनी म्हणनार न्हाई," ती म्हणाली. "आंबे लागले की येते."